जेपूटीच्या आईची मागणी

उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या नुवुक गावात मालाचं जहाज वर्षातून एकदा येतं, ऑगस्टमध्ये, खाडीतला बर्फ मोकळा झाला की. त्यातून आलं ते आलं, राहिलं ते पुढच्या ऑगस्टला. विमान येतं अधूनमधून, पण विमानानं पिठाची गोणी मागवायची म्हणजे गोणीला खिडकीजवळची जागा आणि वर चहापाणी दिल्याइतका खर्च. म्हणून पीठ, चहा, डायपर, काडतुसं, बर्फावरच्या गाड्यांचे, म्हणजे स्नोमोबिलचे, सुटे भाग, सगळं वर्षभराचं एकदम मागवावं लागतं. आणि काय किती मागवायचं हे ठरवणारा माणूस गावात एकच, सोसायटीच्या दुकानाचा खरेदी-व्यवस्थापक जेपूटी.

जेपूटीबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. तो गावातला सगळ्यात वाईट शिकारी. वाईट म्हणजे किती? सील त्याला बघून बर्फाच्या भोकातून वर येत आणि निवांत श्वास घेऊन जात, असं लोक म्हणायचे. जिथे शिकार आणून चार घरांत वाटेल तोच खरा माणूस, तिथे या गड्यानं उभ्या आयुष्यात कुणाला बरगडीचा तुकडाही दिला नव्हता. पण सोसायटीत चिकटला, गोदामाची किल्ली हातात आली आणि त्याला आपली शिकार सापडली. बाकीचे सील आणून गाव पोसत, हा जहाज आणून. ती किल्ली तो गळ्यात घालून झोपायचा. काढून घेतली असती तर त्याच्याकडे दुसरं काही उरलंच नसतं.

मध्यंतरी सोसायटीनं त्याला दक्षिणेतल्या विनिपेग शहरात प्रशिक्षणाला धाडलं. तिथून तो एक प्रमाणपत्र आणि एक नवीनच भाषा घेऊन आला. बायकोनं, म्हणजे मीकानं, घरातला चहा संपल्याचं सांगितलं की हा म्हणायचा, "संपला म्हणू नये. साठा फेरमागणीच्या पातळीखाली गेला म्हणावं."

"बरं," मीका म्हणायची. "मग आज ती पातळीच उकळून पी."

विनिपेगचं सगळं ज्ञान त्यानं थोडक्यात बसवलं होतं. लोक किती वापरतील त्याचा अंदाज करायचा, माल पोचायला किती काळ लागेल ते धरायचं, आणि वर अडीअडचणीसाठी थोडा जादा साठा ठेवायचा. यात चूक काहीच नाही. घोळ पुढे होता. लोक किती वापरतील हे तो लोकांना विचारत नसे. एका वर्षी विचारलं होतं, तेव्हा गावानं एकमुखानं सांगितलं की आम्ही आता गोड सोडा पिणं बंद करणार, दात किडतात. त्यानं विश्वास ठेवला. जानेवारीत सोडा संपला आणि तीच किडक्या दातांची माणसं त्याच्या दारात येऊन दात-ओठ खाऊ लागली. तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं, "माणसं थापा मारतात. दुकानातलं कपाट खरं बोलतं." कपाटातून जे गेलं ते लागतं, जे पडून राहिलं ते लागत नाही. झाला हिशोब.

आता त्याच्या आईबद्दल. त्याची आई तौकी देवाघरी गेली आणि पुढच्याच हिवाळ्यात समोरच्या घरातल्या नीवीला मुलगी झाली. नीवीनं तिचं नाव तौकी ठेवलं. आमच्याकडे गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की तो माणूसच परत आला. जेपूटी धावत गेला, त्या दुपट्यातल्या गाठोड्याला उचलून म्हणाला, "आई, आलीस?" आणि ढसाढसा रडला. गाठोड्यानं त्याच्या नव्या स्वेटरवर दूध काढलं. आईनं पाठीवर हात फिरवावा तसं त्याला वाटलं.

तेव्हापासून तौकी त्याची आई. बोलायला लागली तशी ती त्याला "बाळा" म्हणू लागली. मीकाची अर्थातच ती सासू. सासूबाई पाच वर्षांच्या झाल्या तेव्हा समोरच्या घरातून रोज येत, तव्यावरच्या जाड भाकरीचा, बॅनकचा, तुकडा तोंडात टाकत आणि जाहीर करत, "मीठ कमी आहे." मीका मुकाट्यानं मीठ वाढवायची. "पहिल्या खेपेलाही हीच तक्रार होती हो त्यांची," ती शेजारणींना सांगायची. "मरूनसुद्धा जिभेची चव गेली नाही."

तर एका एप्रिलात जेपूटी दुकानाच्या काउंटरवर जहाजाची मागणी भरत बसला होता. तौकी आली, काउंटरवर चढून बसली. टीव्हीवर तिनं दक्षिणेकडची मुलं पाहिली होती. अंगणात प्लास्टिकचा मोठा हौद, त्यात पाणी, पाण्यात पोरं.

"बाळा, मला तसला हौद पाहिजे."

आता नुवुकमध्ये भर उन्हाळ्यातही अंगणातल्या पाण्यात बसणाऱ्याला थेट नर्सबाईकडे न्यावं लागेल. घरात पाणी टँकरनं येतं आणि टँकरवाला आंघोळीच्या पाण्यावरूनसुद्धा टोमणे मारतो. हे सगळं जेपूटीला ठाऊक नव्हतं का? होतं. पण आई मागतेय. त्यानं फक्त विचारलं, "निळा की हिरवा?"

"निळा. त्यावर मासे."

माँट्रियलच्या व्यापाऱ्यानं कळवलं की सुटा हौद मिळत नाही, लाकडी फळीवर रचलेला अख्खा ढीग घ्यावा लागेल. जेपूटीनं अख्खा ढीग मागवला. पण सोसायटीचे कंटेनर ठरलेले. हौद म्हणजे वजनाला कापूस आणि जागेला हत्ती. ते आत घालायचे तर तेवढंच हलकं आणि फुगीर काहीतरी बाहेर काढायला हवं. जेपूटीनं कपाटांकडे पाहिलं. संडासाचा कागद वर्षभर जवळजवळ खपलाच नव्हता, गोदामात नुसता पडून होता. "वापर घटलेला दिसतो," तो मीकाला म्हणाला.

"वापर घटला म्हणजे? गाव जायचं बंद झालं की काय?"

"कपाट खोटं बोलत नाही," जेपूटी म्हणाला आणि नवीन कागदावर काट मारली.

खरं काय होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त त्याला नव्हतं, कारण त्यानं विचारलं नव्हतं. आदल्या वर्षी कुणीतरी गावच्या रेडिओवर आवई उठवली की कागद संपत आलाय. संध्याकाळपर्यंत घराघरांत पलंगाखाली, शिडीखाली, शिवायच्या मशीनमागे कागदाची थप्पी लागली. त्या वर्षी दुकानात कागदाची झुंबड आणि पुढच्या वर्षी शुकशुकाट. लोक आपापला पलंग वापरून संपवत होते.

ऑगस्टमध्ये जहाज आलं. आमच्याकडे धक्का नाही. जहाज खाडीत उभं राहतं आणि भरतीच्या वेळी सपाट तराफे माल घेऊन वाळूला लागतात. सगळं गाव किनाऱ्यावर. कंटेनर उघडला आणि त्यातून निळे हौद बाहेर पडू लागले, एकात एक बसलेले, प्रत्येकावर दात काढून हसणारे मासे.

माल उचलायचा लोडर चालवत होता मोसेसी, जेपूटीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. उत्तम शिकारी, आणि सोसायटीच्या किल्लीवर त्याचा जुना डोळा. त्यानं यंत्र थांबवलं.

"जेपूटी, हे काय रे? सीलना आंघोळ घालून मग मारायचंय?"

"मागणी होती, दाजी."

"कुणाची?"

"ग्राहकाची," जेपूटी म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

ग्राहक एव्हाना फरची टोपी घालून, वाळूवरच्या कोरड्या हौदात बसून सुका मासा चावत होता.

गाव हसून हसून बेजार झालं. पण आमची माणसं काही वाया जाऊ देणारी नाहीत. कुणीतरी हौद घरात नेला, त्यात सील ठेवून कापला आणि सगळ्यांनी भोवती बसून खाल्ला. जमिनीवर रक्ताचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी चार बायका हौद न्यायला आल्या. बर्फ पडल्यावर पोरं त्यात बसून टेकडीवरून घसरू लागली. नाताळपर्यंत एकही हौद उरला नाही. जेपूटीची मान अशी ताठ झाली की मीका म्हणाली, "दारातून येताना जरा वाकून या." तो येईल-जाईल त्याला 'सुप्त मागणी' समजावून सांगू लागला.

आणि फेब्रुवारीत कागद संपला.

गोदामातला संपला, पलंगांखालचाही संपला. पुढचं मी सभ्य शब्दांत सांगतो. आधी दुकानांच्या जाहिराती गेल्या, मग जुनी कॅलेंडरं गेली, मग चालू वर्षाचं कॅलेंडर, गेलेल्या महिन्यांपुरतं. पाद्रीबाबांनी प्रार्थनेची पुस्तकं कपाटात घालून कुलूप लावलं. गाव-कौन्सिलचे वार्षिक अहवाल इतकी वर्षं कुणी हातात धरले नव्हते, ते पहिल्यांदाच घरोघरी पोचले. विमान वादळानं अडकलं होतं. ते शेवटी आलं आणि त्यातून आलेला कागद नर्सबाईंच्या देखरेखीखाली कुटुंबवार वाटला गेला. रांगेत मोसेसी उभा होता. एप्रिलमधल्या सर्वसाधारण सभेसाठी तो सगळं बोलणं राखून ठेवत होता.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. आजारी सोडून सगळे सभासद हजर. चेअरमन होती म्हातारी ऊलीपिका, जेपूटीची मावशी, म्हणजे त्याच्या गेलेल्या आईची धाकटी बहीण. विषय एकच, किल्ली कुणाकडे.

मोसेसी उठला. "मला कळत काही नाही. मी आपला लोडर चालवतो. मला एवढंच विचारायचंय, हौद आले आणि कागद आला नाही. आता आम्ही त्या हौदात बसून काय करायचं ते व्यवस्थापकांनी करून दाखवावं."

टाळ्या. शिट्ट्या. जेपूटी उठला आणि घनफळ, साठ्याची फिरत, मागणीतले चढउतार यांवर बोलू लागला.

"ते राहू दे," मागून एक बाई ओरडली. "हौद मागितले कुणी ते सांग!"

"ग्राहकानं."

"त्याला नाव असेल की!"

जेपूटीनं घसा खाकरला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली बघून म्हणाला, "आईनं."

सगळ्यांच्या माना पुढच्या रांगेकडे वळल्या. तिथे तौकी मनुकांचा बॅनक कुरतडत बसली होती.

ऊलीपिका पुढे वाकली. "ताई," तिनं हळूच विचारलं, "तू मागवलेस होय हौद?"

"हो," तौकी म्हणाली. "निळे."

आता बोलणार कोण? चेअरमनची ती थोरली बहीण, लहानपणी हिला पाठीवर घेऊन फिरलेली. मीकाची सासू. मोसेसीचीही सासूच, आणि पहिल्या खेपेला तिनं याला जावई करून घेण्याआधी दोन हिवाळे लाकडं फोडायला लावली होती. तो उभा होता तसाच खाली बसला. "मला सासूबाईंबद्दल काही म्हणायचं नाही," तो टोपी खाजवत म्हणाला. "मागितलं तर आणावं लागतं माणसाला. ते मला समजतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. समजत होतं सगळ्यांना.

"पण," मोसेसी पुन्हा उठला, "पुढच्या हिवाळ्यात मी कॅलेंडर वापरणार नाही. याला अजून एक जहाज द्या. त्यातून खाता, नेसता, जाळता किंवा चालवता येत नाही अशी एक जरी चीज उतरली, तर किल्ली माझ्याकडे. हौद कापाकापीला चालले ते नशीब. जेपूटी, आईला नाही म्हणायला शीक, नाहीतर किल्ली ठेव."

हात वर झाले. ठराव मंजूर. जेपूटीनं गळ्यातली किल्ली शर्टाच्या आत सारली आणि त्या रात्री जेवला नाही.

सभेतून घरी जाताना गावाच्या मात्र डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं आपण या माणसाकडे अर्ज-विनंत्या करतोय, तो कपाटाकडे बोट दाखवतो. आणि खरी खरेदी चालते कुठून? नीवीच्या घरून! दुसऱ्या दिवसापासून नीवीकडे पाहुण्यांची रीघ लागली. कुणी मनुका आणल्या, कुणी चॉकलेट, कुणी सशाच्या कातड्याचे हातमोजे. येणारा तौकीला मांडीवर घ्यायचा आणि कानात काहीतरी सांगायचा. नीवी म्हणाली, "ताप आहे डोक्याला. पण मनुकांना बरकत आहे."

मागणी पाठवायच्या दिवशी दुकानात नेहमीपेक्षा गर्दी होती आणि कुणीच काही विकत घेत नव्हतं. ऊलीपिका पिठाच्या पिशवीवरची अक्षरं वाचत होती, तिला वाचता येत नव्हतं तरी. मोसेसी दाराजवळ हातमोज्यांची एकच जोडी पुन्हा पुन्हा घालून बघत होता. तौकी फुगलेल्या खिशांनी आली आणि काउंटरसमोर उभी राहिली.

"बाळा, मला पाच नंबरचे डायपर पाहिजेत. तीन नंबरचे आणू नको, कुणाला होत नाहीत."

जेपूटी चकित झाला. "आई, तीन नंबरचेच तर खपतात!"

"पाच नंबरचे नसतातच, म्हणून," तौकी म्हणाली. "मग दोन तिनाचे एकाला एक चिकटवतात."

जेपूटीचा हात थांबला. कपाटात जे कधी ठेवलंच नाही, त्याबद्दल कपाट काय सांगणार? विनिपेगला हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा तो जेवणाच्या सुट्टीची वाट पाहत असेल.

"अजून काय, आई?"

"पिवळ्या स्नोमोबिलचा पट्टा. जुन्या पिवळ्या."

"तुला कुठे आहे स्नोमोबिल?"

"सिमिओनीला आहे." पिठाच्या पिशव्यांमागे सिमिओनी खोकला. "आणि बिस्किटं. दात नसले तरी खाता येतात ती." ऊलीपिकानं पिशवी आणखी जवळ धरली. "आणि कागद. पलंगाखाली ठेवायला वेगळा आणि वापरायला वेगळा."

जेपूटीनं मान वर करून दुकानभर नजर फिरवली. जो तो दुसरीकडे बघू लागला. त्याला सगळं समजलं. आधी राग आला, कानाची पाळी लाल झाली. मग तो लिहू लागला, आणि लिहिता लिहिता राग कधी गेला ते त्यालाही कळलं नाही. इतका खरा अंदाज त्याच्या हाती कधी आलाच नव्हता.

"झालं, आई?"

"झालं." तौकीनं एक मनुका तोंडात टाकली. "आणि मला घोडा पाहिजे."

हे कानात कुणी सांगितलेलं नव्हतं, हे तिचं स्वतःचं होतं. मोसेसीचा हात हातमोज्यात अर्धाच गेला होता, तिथेच राहिला. 'कुठल्या रंगाचा?' हे शब्द जेपूटीच्या ओठांवर आले होते. सगळ्यांना ते दिसले. पेन कागदाला टेकलं. मागे मीका उभी होती. ती पुटपुटली, "अहो."

जेपूटीनं पेन खाली ठेवलं. छातीवर किल्ली होती आणि समोर आई, आणि दोन्ही ठेवायची काही सोय त्याला सुचत नव्हती.

"आई," तो म्हणाला, "घोडा नाही आणता येणार."

ऊलीपिकानं डोळे मिटले.

"का?" तौकीनं विचारलं.

"इथे गवत नाही. थंडीनं मरेल तो. आणि त्याच्या जातीचं इथे कुणी नाही, एकटा पडेल."

तौकीनं विचार केला. मनुका चावायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

"बरं," ती म्हणाली. "मग नको."

एवढंच. रडणं नाही, रुसणं नाही. या एका बाईला 'नाही' म्हणून बघायची कुणाची छाती झाली नव्हती, म्हणून अख्ख्या गावानं कॅलेंडरं फाडली होती. मोसेसीनं हातमोजे जागेवर ठेवले. "'नाही' म्हणाला बुवा," तो ऊलीपिकाला म्हणाला. "राहू दे किल्ली त्याच्याकडेच. माझ्यानं नसतं झालं." आणि तो दार हळू ओढून घेऊन बाहेर गेला.

जेपूटी मागणी पाठवायला संगणकाकडे वळला. तौकी काउंटरवर चढली आणि तिनं त्याची बाही ओढली.

"बाळा, तुला काय पाहिजे?"

"मला?"

"सगळ्यांचं लिहिलंस. तुझं कुठे आहे?"

खरंच कुठे नव्हतं. इतक्या जहाजांत त्यानं कधी स्वतःसाठी काही घातलं नव्हतं. तो कुणाला विचारत नसे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यालाही कुणी कधी विचारलं नव्हतं, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. गावातल्या सगळ्यात वाईट शिकाऱ्याला तुला काय हवं असं आईशिवाय विचारणार तरी कोण? त्यानं चष्मा काढला आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, लहान पोरासारखा रडला. लोकांनी रडू दिलं.

"काही सुचत नाही गं, आई," तो नाक पुसत म्हणाला.

"मग विचार कर," तौकी म्हणाली. तिनं पाय हलवत खिशातल्या मनुका काउंटरवर काढून ठेवल्या. "मी थांबते."